साडूचे टायर

प्रत्येक गोतावळ्यात एक साडू असा असतो, की ज्याच्या गाडीचे टायर 70,000 किलोमीटर चालतात. साडू नसला तर आतेभाऊ असतो, आतेभाऊ नसला तर ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा कुणीतरी असतो, पण असतोच. त्याची गाडी आपल्याच कंपनीची, आपल्याच मॉडेलची, आपल्या मागेपुढे घेतलेली. रस्ते तेच, खड्डे तेच. तरी आपले टायर 30,000 च्या आतच गोटा होतात, आणि त्याचे मात्र "अजून एक पावसाळा सहज काढतील" या अवस्थेत वर्षानुवर्षं टिकून राहतात.

हा आकडा तो उगाच सांगत सुटत नाही. त्यासाठी आपली गाडी मंगल कार्यालयाबाहेर उभी असावी लागते. पंगत उठलेली असते, तोंडात विडा असतो आणि मुलीकडच्यांची खरेदी किती झाली यावरचं बोलणंही संपलेलं असतं. अशा वेळी साडू सावकाश चालत येतो, आपल्या पुढच्या चाकाला बुटाच्या टोकाने एक लाथ मारतो आणि म्हणतो, "गेले की हो हे!"

टायरला लाथ मारणं ही आपल्याकडची सर्वमान्य तपासणी आहे. जुनी गाडी बघायला गेलं की मारतात, अष्टविनायकाला निघताना मारतात, शेजाऱ्याने नवी गाडी आणली की अभिनंदन करता करता मारतात. मारल्यावर क्षणभर थांबून "हं" म्हणायचं असतं. या लाथेतून नेमकं काय कळतं ते लाथ मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हल्लीच्या रेडियल टायरमध्ये 33 च्या जागी 25 पीएसआय हवा असली, तरी तो वरवर बघणाऱ्याला तसाच दिसतो आणि लाथेला दोन्ही वेळा सारखंच उत्तर देतो. पण त्या "हं"मध्ये जो अधिकार असतो, तो आरटीओच्या इन्स्पेक्टरच्या सहीतही नसतो.

"किती झालं रनिंग?"

"अठ्ठावीस."

"लाख?"

"हजार."

यावर साडू काही बोलत नाही. नुसता माझ्या बायकोकडे बघतो. माझी बायको तिच्या बहिणीकडे बघते. मग तो हळूच म्हणतो, "माझे सत्तरला आलेत, साडूभाऊ."

टायर लवकर जाण्यात पैशांचं दुःख आहेच, पण खरं दुखतं ते वेगळंच. हा खर्च कुणाला दिसत नाही. नवी सीट कव्हरं घातली की पाहुणे हात फिरवून बघतात. डॅशबोर्डवर मोठा स्क्रीन बसवला की सोसायटीतली पोरं काचेला नाक लावून उभी राहतात. टायरवर वीस-बावीस हजार घाला, कुणी ब्र काढत नाही. "वा, टायर घेतलेत! पेढे कुठायत?" असं आजवर कुणी कुणाला विचारल्याचं ऐकिवात नाही. जुना टायर काळा आणि गोल, नवाही काळा आणि गोल. मध्यमवर्गीय माणूस न दिसणाऱ्या गोष्टीवर खर्च करतो तो दोनच वेळा: डॉक्टरने सांगितल्यावर आणि पोलिसाने अडवल्यावर.

आता खरं पाहता सबंध गाडीचा जमिनीशी जो काही संबंध येतो तो या चार टायरांपुरता, आणि प्रत्येक टायरचा येतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेपुरता. आठ-दहा लाखांची गाडी, त्यात सहा एअरबॅगा, मागे कॅमेरा, आणि ब्रेक मारल्यावर ती थांबणार की नाही हे चार तळहातांवर अवलंबून. नव्या टायरच्या खाचा सात-आठ मिलिमीटर खोल असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे त्या 1.6 मिलिमीटरपर्यंत झिजल्या की टायर बाद. म्हणजे वापरायला मिळतं ते मधलं साडेपाच ते साडेसहा मिलिमीटर रबर. तेवढीच काय ती आपली इस्टेट. खाचांच्या तळाशी मुद्दाम ठेवलेले बारीक उंचवटे असतात; टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की समजायचं, संपलं. ते कुठे आहेत हे दाखवायला टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा एक छोटा त्रिकोण असतो. पण ते बघायला खाली वाकावं लागतं, आणि आपल्याकडे गाडी घेण्याचं निम्मं कारणच आता वाकावं लागणार नाही हे असतं.

तर टायर गेले हे एकदा कबूल झालं की घरात चौकशी समिती बसते. आई म्हणते, "सारखे त्या मॉलला पळता, दुसरं काय होणार?" मुलगा म्हणतो, "कंपनी नव्या गाडीला हलकेच टायर देते, मी व्हिडिओत बघितलंय." बायको म्हणते, "तू ब्रेक फार उशिरा आणि फार जोरात मारतोस." मी म्हणतो, "तू गाडी उभी असताना जागच्या जागी स्टिअरिंग फिरवतेस." दोघांचंही खरं असतं, हा या वादातला दुर्दैवी भाग. शेवटी सगळ्यांचं एकमत होतं ते रस्त्यावर. सिंहस्थ जवळ आला की आमचं नाशिक आधी खणलं जातं आणि मग सजवलं जातं. या दोन टप्प्यांच्या मध्ये जे काही असतं, त्यावरून आम्ही गाडी चालवतो. त्यामुळे रस्त्याला दोष दिला की घरात शांतता नांदते आणि महापालिकेचंही काही बिघडत नाही.

साडूचं मात्र ठाम मत होतं की टायर गाडी चालवणाऱ्यामुळे जातात. म्हणून तोच मला रविवारी सकाळी द्वारकेकडच्या एका जुन्या दुकानात घेऊन गेला. दुकानात शेठ काउंटरवर बसतात आणि बिल करतात. टायरमधलं ज्याला कळतं तो खाली, उकिडवा, ग्रीसच्या डब्याशेजारी बसलेला असतो. त्याला सगळे चाचा म्हणतात.

चाचाने लाथ मारली नाही. मला तिथेच तो आवडला. त्याने स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगितलं, चाक बाहेर आलं, आणि त्याने टायरवर आडवा तळहात फिरवला. एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. मग माझा हात धरून तसाच फिरवायला लावला. एका दिशेने हात गुळगुळीत सरकत होता. परतताना प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना टोचत होती.

"ये देखो. टो गेलाय. आता आतली साइड बघा."

बाहेरच्या अंगाला अजून बरी नक्षी शिल्लक होती. आतल्या कडेला रबर संपून तारा डोकावत होत्या. आपण टायर बघतो तो नेहमी बाहेरून, आणि तो बिघडतो आतून. चाचाने मग चारही चाकांची हकीगत सांगितली. मधलाच पट्टा गेला असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा गेल्या असतील तर हवा कमी. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट. मध्येच खड्डे, मध्येच उंचवटे असं झालं असेल तर शॉकअप गेले, नाहीतर बॅलन्सिंग बघा. माझ्या चार टायरांवर यातले सगळे प्रकार थोडे थोडे होते. मागच्या डाव्याला तर फुटपाथला घासून बाजूला एक छोटा फुगाही आला होता. चाचाने त्यावर खडूने फुली मारली, त्याबद्दल बोलायचीही गरज नाही अशा थाटात.

हे टोचं प्रकरण साधं आहे, पण महाग आहे. चाक सरळ रेषेपासून एका अंशाने जरी तिरपं राहिलं, तरी ते दर किलोमीटरला सुमारे सतरा मीटर आडवं घासत जातं. खेळण्याच्या दुकानासमोरून दंडाला धरून ओढलेलं पोर जसं चपला फरफटवत जातं, तसं. या हिशेबाने नाशिकहून मुंबईला पोचेपर्यंत ते चाक जवळपास तीन किलोमीटर नुसतं आडवं घासतं. आपल्याला आत बसून काही कळत नाही. एसी चालू असतो, गाणी चालू असतात. फार तर गाडी जरा डावीकडे ओढते, आणि त्यावर आपण "रस्त्यालाच उतार आहे" असं म्हणून हात किंचित उजवीकडे धरून ठेवायला शिकतो. काही जण तर त्याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकतात आणि पुढे दुसरी कुठलीही गाडी त्यांना वाकडी वाटते.

टो बिघडवतात ते खड्डे आणि स्पीडब्रेकर. स्पीडब्रेकर कसा असावा याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे: 10 सेंटिमीटर उंच, 3.7 मीटर रुंद, म्हणजे ताशी 25 च्या वेगाने गाडी त्यावरून डुलत जावी. आमच्या कॉलनीतला स्पीडब्रेकर एका माजी नगरसेवकांच्या घरासमोर आहे आणि तो मानकाने नव्हे, मानाने बांधलेला आहे. उंची मानकाच्या दीडपट, रुंदी एका ओंडक्याएवढी. त्यावरून गाडी कशीही न्या, पुढची चाकं आदळतात, मागची आदळतात, आणि मधे एकदा पोट घासतं. उन्हाळ्यात तो कुणीतरी रात्री फोडतो. पावसाळ्याआधी तो पुन्हा उगवतो.

अलाइनमेंट केल्यावर एक रंगीत कागद मिळतो. आधीचे आकडे लाल, नंतरचे हिरवे. चार-पाचशे रुपयांत एवढं लाल इतक्या लवकर हिरवं होण्याचं सुख संसारात दुसरीकडे मिळत नाही. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर त्याच्या कितीतरी पट खर्च होतो. मात्र कागद नीट बघितला तर मागच्या चाकांसमोरचे एक-दोन आकडे लालच राहिलेले असतात. विचारलं की सांगतात, "ते या गाडीत ॲडजस्ट होत नाही, साहेब." आणि ते खरं असतं. बहुतेक लहान गाड्यांत मागचं सगळं पक्कं असतं. फिरवता येतो तो पुढचा टो. तरी कागदावर ते दाखवतात, आणि आपण घरी येईपर्यंत तो लाल आकडा मनात घोळवत बसतो.

हवेची गोष्ट तर याहून सोपी, म्हणूनच ती कुणी करत नाही. चांगला, पंक्चर नसलेला टायरसुद्धा महिन्याला एखाद-दुसरा पीएसआय आपसूक सोडतो. पेट्रोल पंपावर हवा फुकट असते. फुकट असल्यामुळे तिथे रांग असते, आणि रांग असल्यामुळे आपण "पुढच्या वेळी" म्हणतो. कधी थांबलोच तर पोरगा विचारतो, "किती मारू?"

"पस्तीस मार सगळीकडे."

हा पस्तीस कुठून आला? कंपनीने तरी तो दिलेला नसतो. कंपनीने दिलेला आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, पुढच्या-मागच्या चाकांचा वेगळा, दोन माणसांचा आणि भरल्या गाडीचा वेगळा. त्याच चौकटीला हात टेकून आपण रोज गाडीतून उतरतो. पण पस्तीस हा आकडा आपल्या अंगवळणी पडलेला आहे. ज्याने आयुष्यभर पस्तीस टक्क्यांना पास होताना पाहिलं, त्याला तो पुरेसा वाटणारच.

यावर उतारा म्हणून नायट्रोजन आला. आपण श्वासात घेतो त्या हवेत नायट्रोजन 78 टक्के असतोच. उरलेल्या 22 टक्क्यांसाठी चाकामागे वेगळे पैसे मोजायचे. त्यात ओल नसते हा थोडा फायदा आहे, नाही असं नाही. पण आपण पैसे देतो ते मुख्यतः वॉल्व्हवरच्या हिरव्या टोपीचे. टायरवर केलेल्या खर्चापैकी दिसतो तो एवढाच.

हवा कमी असली की टायरच्या बाजू दर फेरीला जास्त दबतात, जास्त वाकतात आणि तापतात. गावातल्या गावात हे खपून जातं. समृद्धीवर खपत नाही. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा हा रस्ता डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. सिमेंट काँक्रीट, मे महिन्याचं वैदर्भी ऊन, ताशी 120 ची मर्यादा आणि समोर तासन्‌तास काही नाही. आयुष्यभर सिग्नल आणि गाई चुकवत चाललेला टायर तिथे पहिल्यांदाच सलग धावतो, आणि कुठे हवा कमी असेल, कुठे रबर वाळलं असेल, ते तिथे बाहेर येतं. टायर फुटून अपघात व्हायला लागले तेव्हा परिवहन खात्याने प्रवेशाच्या ठिकाणीच टायर तपासायला सुरुवात केली. गोटा टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या. शिर्डीला निघालेल्या एका परिचितांना असं परतावं लागलं. ते अजून सांगतात की बाबांचं बोलावणं नव्हतं. टायरचा उल्लेख ते करत नाहीत.

आता खरेदी. शेठनी विचारलं, "कोणता दाखवू?"

"चांगला दाखवा," मी म्हणालो.

"स्वस्तातला दाखवा," साडू म्हणाला.

दोन्ही आवाज एकाच वेळी निघाले. शेठना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्याकडे येणारं गिऱ्हाईक एकटं आलं तरी हेच बोलतं.

टायरच्या बाजूवर जे लिहिलेलं असतं ते वाचायला जमलं तर निम्मं काम होतं. माझ्या गाडीचं होतं 185/65 आर 15 88 एच. यातले 185 म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे बाजूची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. 15 म्हणजे रिम, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. आणि आपण मुलांना गणितात एकक लिहिलं नाही म्हणून ओरडतो. पुढचे 88 म्हणजे एका टायरने 560 किलोपर्यंत वजन पेलावं. एच म्हणजे त्याने ताशी 210 पर्यंत धावावं. हे ऐकून साडूला फार बरं वाटलं. रविवार कारंजापाशी ताशी सातने जाताना आपल्या अंगात दोनशे तीन शिल्लक आहेत, ही भावना माणसाला धीर देते.

मग कंपनी. आमच्याकडे सिएटबद्दल जिव्हाळा आहे, कारण कारखाना सातपूरला आहे. कंपनीचा जन्म 1924 चा, तोही इटलीत तुरिनला, याच्याशी नाशिककराला काही देणंघेणं नाही, तो शेठना सांगतो, "आपल्या सातपूरचाच माल आहे, वाहतूक खर्च तर लागला नसेल, काहीतरी कमी करा." दुसरा एक गट एमआरएफवाला. या गटातले लोक टायर बघत नाहीत, त्यांना तेंडुलकरची बॅट दिसते. मद्रासला 1946 मध्ये खेळण्यातले फुगे बनवण्यापासून सुरू झालेल्या या कंपनीचा एक शेअर जून 2023 मध्ये एक लाखाच्या वर गेला. म्हणजे एका शेअरच्या पैशात चार-पाच गाड्यांचे सगळे टायर. माझ्या साडूकडे शेअर नाही, पण ज्याच्याकडे आहे असा एक माणूस त्याच्या ओळखीत आहे, आणि टायरच्या दुकानात तो त्याचा उल्लेख करतोच.

पूर्वी यात चिनी टायरचा एक पर्याय असायचा. निम्म्या किमतीचं आमिष आणि नाव उच्चारता येणार नाही असं. जून 2020 मध्ये सरकारने टायर आयातीवर निर्बंध आणले आणि तो मोह बराचसा ओसरला. सेकंडहँड टायर अजून मिळतात. काळं पॉलिश मारून, रांगेत उभे केलेले, नव्यापेक्षा जास्त चकाकणारे. माझं मत विचाराल तर इतर कुठेही काटकसर करा, इथे नको. दुसऱ्याने कोणत्या खड्ड्यात कसा आपटला हे टायर सांगत नाही. आतल्या तारा तुटलेल्या असल्या तरी बाहेरून तो हसतमुख असतो. त्यापेक्षा देशी कंपनीचा मधल्या किमतीचा, गाडीला लागणाऱ्या मापाचा आणि वजनाचा नवा टायर घ्यावा आणि वाचलेल्या पैशात अलाइनमेंट करावं. महागड्या टायरवर वाकडं चाक चालवलं की महागडं रबर झिजतं, एवढाच फरक.

नव्या टायरलाही जन्मतारीख असते. डीओटी अशी अक्षरं असलेल्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. साडूने मोबाइलचा टॉर्च लावला आणि दुकानात गुडघ्यांवर बसून एकेका टायरची पत्रिका बघितली. शेठनी जो टायर "काल आला" म्हणून दाखवला होता, तो दोन वर्षांचा निघाला.

"काल आला म्हणजे काल गोडाऊनमधून इथे आला," शेठ म्हणाले.

भाव ठरायला अर्धा तास लागला. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हे साडूला पाठ होतं, आणि ही कपात त्याने स्वतःच दिल्लीला जाऊन करून आणल्यासारखा तो बोलत होता. शेठनी ती आधीच धरली होती. मग त्याने पुन्हा धरायला लावली. शेवटी रकमेत फार फरक पडला नाही, पण चार वॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि दोन कटिंग चहा फुकट मिळाले. साडूच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, त्याची किंमत वेगळी.

दोनच टाकावेत की चार, यावरही खल झाला. दोनच घेतले तर नवे पुढे की मागे? सगळं जग म्हणतं पुढे, कारण स्टिअरिंग तिकडे. टायर कंपन्या सांगतात नवे मागे घाला, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सरकली की गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं सामान्य माणसाच्या हातात राहत नाही. चाचाला हे माहीत होतं. शेठना माहीत होतं पण पटत नव्हतं. साडूला पटत नव्हतं कारण माहीत नव्हतं. आम्ही चार घेतले.

चहा पिताना मेहुणी आली. ती जवळच भाजी घ्यायला आली होती. मी सहज म्हणालो, "यांचे बघा, सत्तर हजार चालले."

"कुठले सत्तर, भाऊजी? मध्ये दोन टाकले होते की. मुंजीच्या वेळी."

"ते पंक्चरमुळे," साडू म्हणाला. "ते धरत नसतात."

"आणि मग पुढच्या वर्षी अजून एक."

"तो साइड कटचा. तोही धरत नसतात."

चाचा खाली बसून रिमला साबणाचं पाणी लावत होता. तो वर न बघता म्हणाला, "सत्तर चालतो. कडक रबर असेल तर चालतो. फक्त पावसात थांबत नाही."

आता मला आठवलं. जूनमधल्या पहिल्या पावसात साडूच्या गाडीत बसलेलं माणूस सिग्नलला उजवा पाय आपोआप आपटतं, स्टिअरिंग आपल्या हातात नसलं तरी. चाकं थांबतात आणि गाडी झेब्रा क्रॉसिंगच्या पलीकडे जाऊन उभी राहते. टायरचं हेच त्रांगडं आहे. रबर मऊ ठेवलं तर रस्ता घट्ट धरतं पण लवकर झिजतं. कडक ठेवलं तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं आणि ओल्या डांबरावर आपल्याच मर्जीने वागतं. जास्तीत जास्त किलोमीटर हीच ज्याची अट असेल, त्याला दुकानदार नेमका असाच टायर देतो, आणि पहिला पाऊस पडेपर्यंत गिऱ्हाईक सगळ्यांना किलोमीटर सांगत फिरतं.

बाकीचं पटकन झालं. यंत्रावर रिम फिरली, टायर फट्ट आवाज करून बसला, चाक बॅलन्सिंगला लावलं, स्क्रीनवर आकडा आला, आणि चाचाने पंधरा ग्रॅमचं एक इवलंसं वजन रिमच्या कडेला ठोकलं. तेवढ्याने एक अख्खं चाक थरथरायचं थांबतं. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. दुकानातला एक लहान मुलगा ते मन लावून उपटत होता आणि शेठ त्याला दर दोन मिनिटांनी नको म्हणत होते.

जुन्या टायरांचे दोघे वारसदार निघाले. आईने फोनवर सांगितलं, "एक घेऊन ये, त्यात पुदिना लावते." टायरात पाणी साचतं, डेंग्यूचे डास होतात, महापालिका नोटीस देते, असं मी सांगितलं. "मग तुळस लावते," ती म्हणाली. तुळशीला डास घाबरतात असा तिचा कयास असावा. दुसरा वारसदार चारही टायर टॉर्चच्या उजेडात परत बघत होता. फुगा आलेला त्याने बाजूला ढकलला, आतून तारा दिसणारेही ढकलले. राहिलेल्या एकाला त्याने लाथ मारली, "हं" म्हणाला आणि विचारलं, "हा नेऊ का? मला स्टेपनीला होईल. वेळ पडली तर मागे टाकीन."

मी त्याच्याच डिकीत ठेवून दिला. तो कितीला धरायचा, हे त्याने मेहुणीसमोर सांगितलं नाही.

दुपारी सोसायटीत परतलो. गेटवर मी मुद्दाम गाडी हळू घेतली. नवे टायर, काळेकुळकुळीत, कडेला अजून कारखान्याची पिवळी रेघ, वॉल्व्हवर आग्रह करून बसवून घेतलेल्या हिरव्या टोप्या. वॉचमन खुर्चीतून उठला, गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकांपाशी थांबून नीट न्याहाळलं, आणि म्हणाला,

"आज गाडी धुवून घेतली का, साहेब?"